दोन पूर्णांक अठ्ठ्याण्णव

मी मूळचा मराठीचा मास्तर. संतकाव्य, पंतकाव्य, तंतकाव्य आणि फेब्रुवारी उजाडला की घाईघाईनं नवकाव्य, असा माझा वर्षाचा संसार. पर्यावरणाशी माझा संबंध म्हणाल तर आमच्या गॅलरीत एक तुळस आहे आणि तिला पाणी घालण्याचं खातं सौभाग्यवतींकडं आहे. असं असूनही मी सलग सात वर्षं पदवीच्या दुसऱ्या वर्षाला 'पर्यावरण अभ्यास' हा विषय शिकवला. घरी ही बातमी सांगितली तेव्हा सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, "मग आजपासून तुळस तुमच्याकडं."

यात माझा काही गुन्हा नाही. मराठी स्पेशलला त्या वर्षी चारच मुली उरल्या होत्या आणि त्यातल्या दोघींची लग्नं दिवाळीनंतर ठरली. माझा कार्यभार भरेना. कार्यभार म्हणजे आठवड्याचे तास. तो भरला नाही की प्राध्यापक 'अतिरिक्त' ठरतो, आणि अतिरिक्त ठरलेल्या प्राध्यापकाकडं ऑफिसातले भाऊसाहेबसुद्धा लग्नघरी उरलेल्या भाताकडं बघावं तसं बघू लागतात. अशा वेळी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि "सर, तुम्ही पर्यावरण घ्या," असं म्हणाले. 'चहा घ्या' म्हणावं तसं. शेजारी तत्त्वज्ञानाचे सर बसले होते. त्यांनी ते आदल्याच वर्षी घेतलेलं असल्यामुळं ते माझ्याकडं करुणेनं बघत होते. आमच्या कॉलेजचा अलिखित नियमच होता: ज्याच्याकडं तास कमी, त्याच्याकडं पर्यावरण जास्त.

विषय तसा थोर कुळातला. पदवी घेणाऱ्या मुलाला आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेरचंही थोडं भान असावं, इतिहासवाल्याला चिमूटभर विज्ञान आणि विज्ञानवाल्याला चमचाभर साहित्य मिळावं, ही कल्पना अमेरिकेतल्या कॉलेजांत फार मुरलेली आहे. हार्वर्डच्या प्राध्यापकांनी १९४५ साली या सामान्य शिक्षणावर एक जाडजूड अहवालच लिहिला. लोक त्याला 'रेडबुक' म्हणत. आपल्याकडं मुंबई विद्यापीठातला 'फाउंडेशन कोर्स', जो मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री गाइडमधून वाचला, तो याच कुळातला. पर्यावरणाची जन्मकथा मात्र निराळी आहे. त्याला कॉलेजात आणलं ते न्यायालयानं. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला, त्यात विद्यापीठ अनुदान आयोगानं हा विषय कॉलेजांत सक्तीचा करण्याचं बघावं, असं सांगितलं होतं. त्याच निकालात सिनेमा थिएटरांनाही हुकूम होता, की प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या निदान दोन स्लाइडा फुकट दाखवा. पुढं बारा वर्षं गेली. डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयानं पुन्हा कान धरला, तेव्हा कुठं आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम देशभर सक्तीचा झाला. स्लाइड बघून प्रेक्षकांत काय फरक पडला, हे थिएटरवाल्यांना कुणी विचारलं नाही. तो प्रसंग आमच्यावर आला. त्याचीच ही गोष्ट.

अभ्यासक्रम आठ घटकांचा, तास पन्नास, गुण शंभर. त्यातले पंचाहत्तर लेखी परीक्षेचे आणि पंचवीस क्षेत्रकार्याचे. पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी. ते व्यवसायानं सर्जन, हे कळल्यावर मला केवढा धीर आला! सर्जनला पर्यावरण जमतं तर मराठीवाल्याला का जमू नये? पुस्तक चांगलं आहे. दुःख एवढंच, की वर्गात ते वाचलेला इसम मी एकटाच होतो. त्यातला शेवटचा घटक मला फार आवडे. तो म्हणतो, बाहेर पडा. जवळची नदी, डोंगर, माळरान बघा. जवळची घाण झालेली जागा बघा. साधी झाडं, किडे, पाखरं ओळखायला शिका. पन्नासातले पाच तास याला दिलेत. माझं मत विचाराल (कुणी विचारत नाही, पण इथं मीच लिहितोय) तर अख्खा विषय या पाच तासांत आहे. आधीचे पंचेचाळीस तास म्हणजे नमनाचं घडाभर तेल.

प्रत्यक्षात हे पाच तास कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात साजरे होत. तिथं तयार प्रकल्प मिळे. बाइंडिंगसकट साठ रुपये. वर विद्यार्थ्याचं नाव घालायला जागा मोकळी. त्या दुकानदाराला हा मूळ प्रकल्प पुण्याकडच्या कुठल्याशा भाच्यानं दिलेला असावा, कारण माझ्याकडं आलेल्या एकशेवीस वह्यांपैकी शंभरावर वह्यांत आमच्या गावातून मुळा-मुठा वाहत होती. आमच्या गावातून वाहतो तो एक ओढा. तोही पावसाळ्यात रीतसर आणि एरवी सवडीनं. पण वह्या सुरेख. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश ('आमचे मार्गदर्शक' म्हणून माझं नाव, पाचसहा वह्यांत पुण्याच्या कुणा सरांचं तसंच राहिलेलं), उद्दिष्टे, छायाचित्रे, निष्कर्ष आणि संदर्भग्रंथ. मीही बावीस-बावीस गुण घालून मोकळा होई. नदी बदलली म्हणून काय, ऋणनिर्देश तर होता!

हे सगळं सुखानं चाललं होतं. तेवढ्यात २०१८ च्या जूनमध्ये प्राचार्य एका कार्यशाळेला जाऊन आले आणि येताना 'अध्ययन निष्पत्ती' घेऊन आले.

कॉलेजांना दर्जा देणारी 'नॅक' ही संस्था १९९४ सालापासून आहे. तिनं २०१७ मध्ये मूल्यमापनाची चौकट बदलली, आकड्यांना वजन वाढलं, आणि विद्यार्थ्यानं काय साध्य करायचं ते कॉलेजनं आधी जाहीर करावं, मग ते साध्य झालं का ते मोजावं, यावर भर आला. इंजिनिअरिंगवाल्यांकडं हे सोवळं आधीपासून कडक. २०१४ साली आपला देश वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला तेव्हापासून त्यांच्या घरात निष्पत्तीशिवाय पान हलत नाही. तिथून ते कला-वाणिज्याच्या ओसरीवर आलं.

आता खरं सांगतो, या कल्पनेची टिंगल करायला मी बसलो असलो तरी कल्पनेच्या मुळाशी असलेला प्रश्न बिनतोड आहे. इतकी वर्षं आम्ही 'काय शिकवलं' याचाच हिशेब देत आलो. 'पोर्शन संपला' हे आमच्या धंद्यातलं सर्वांत तृप्तीचं वाक्य. पोर्शन संपला, पण मुलाच्या पदरात काय पडलं, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मी स्वतः पंचवीस वर्षं मर्ढेकर शिकवले. ते कुणाला पोचले का, याची चौकशी मी भीतीपोटी कधी केली नाही. तेव्हा कुणीतरी हे विचारलं, ते बरंच झालं. पण आमच्या कॉलेजात विचारणारेही आम्ही, उत्तर देणारेही आम्ही आणि उत्तर बरोबर ठरवणारेही आम्हीच. लग्न म्हणायचं आणि वर, वधू, भटजी आणि वाढपी एकच माणूस!

पहिली सभा झाली ती क्रियापदांवर. समन्वयक मॅडम रसायनशास्त्राच्या. अतिशय सज्जन बाई. रात्री आठपर्यंत कॉलेजात बसून एकट्या तक्ते भरायच्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर विद्यार्थी...' आणि मला म्हणाल्या, "सर, पुढं तुम्ही पूर्ण करा." मी बाणेदारपणे सांगितलं, "...विद्यार्थ्याला निसर्गाशी असलेलं आपलं नातं समजेल."

"समजेल नाही चालणार सर."

"का?"

"समजणे मोजता येत नाही."

"मग उमजेल?"

मॅडमनी मान हलवली. मराठीच्या मास्तराला हा सरळसरळ हल्ला वाटला. अहो, या एका व्यवहारासाठी आमच्या भाषेनं किती क्रियापदं राबवली आहेत! कळणं वेगळं, वळणं वेगळं. समजणं वेगळं आणि उमजणं वेगळं. एखादी गोष्ट उमगते, एखादी आकळते, एखादी गळी उतरते, एखादी पचनी पडते, एखादी अंगी बाणते, आणि माझ्या वर्गात बहुतेक गोष्टी डोक्यावरून जातात. म्हातारपणी आजीला जे कळून चुकतं ते आणखीनच वेगळं. हे सगळं सैन्य मॅडमनी एका फडक्यानं पुसलं आणि त्या जागी नवीन भरती केली: 'यादी करतो', 'व्याख्या सांगतो', 'वर्गीकरण करतो', 'स्पष्ट करतो'.

या भरतीचे सेनापती म्हणजे बेंजामिन ब्लूम. शिकागो विद्यापीठातले परीक्षांचे तज्ज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली ज्ञानाची सहा पायऱ्यांची शिडी मांडली. खालची पायरी नुसतं आठवण्याची, वरची मूल्यमापनाची. २००१ मध्ये त्यांच्या शिष्यमंडळींनी पायऱ्यांची नावं बदलून क्रियापदं केली आणि सर्वांत वर 'निर्मिती' बसवली. हे ब्लूमसाहेब १९५०च्या दशकाच्या अखेरीस भारतात येऊन आपल्या माध्यमिक परीक्षा सुधारण्याच्या कार्यशाळाही घेऊन गेले होते. त्यांनी शिडी दिली ती वर चढण्यासाठी. आम्ही ती आडवी टाकली आणि खालच्या दोन पायऱ्यांवर एकशेवीस मुलं बसवली, कारण यादी आणि व्याख्या यांना गुण देणं सोपं पडतं. सभा संपल्यावर जिन्यात मॅडम मला हळूच म्हणाल्या, "सर, मलाही कळतं हो. पण 'कळतं' असं तक्त्यात लिहिता येत नाही ना."

मग आला तक्ता. आमच्या विषयाच्या पाच निष्पत्ती उभ्या, पदवीच्या निष्पत्ती आडव्या, आणि प्रत्येक चौकोनात एक, दोन, तीन किंवा आडवी रेघ. दोघांचा संबंध किती, त्याप्रमाणं. ओझोनच्या थराचा 'संवादकौशल्या'शी संबंध किती? लोकसंख्यावाढीचा 'नेतृत्वगुणां'शी किती? (मी या चौकोनात बराच वेळ थबकलो होतो.) भूगोलाचे सर आधी लग्नं जुळवायचे, त्यांना हे काम हातचा मळ. "छत्तीस गुण जुळवायला जायचं नाही सर," ते म्हणाले, "मुलीकडच्यांना संशय येतो. मधूनमधून एखादी रेघ मारायची, म्हणजे बघणाऱ्याला विचार केल्यासारखं वाटतं." त्यांनी माझी पत्रिका दहा मिनिटांत जुळवून दिली.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली, पेपर तपासले आणि मापन करायला बसलो. कॉलेजनं ठरवलेली रीत अशी होती. पन्नास टक्के गुण हे लक्ष्य. ते लक्ष्य सत्तर टक्के किंवा जास्त मुलांनी गाठलं तर साध्यपातळी तीन. साठ ते सत्तर टक्के मुलांनी गाठलं तर दोन. पन्नास ते साठ टक्क्यांनी गाठलं तर एक. याला ऐंशी टक्के वजन. उरलेलं वीस टक्के वजन मुलांच्या मताला. 'या अभ्यासक्रमामुळे तुमच्यात पर्यावरणविषयक जाणीव निर्माण झाली का?' असा कागद मुलांना दिला होता, उत्तर एक ते तीन. मुलांचं सरासरी मत पडलं २.९. जी दोन मुलं वर्षभर वर्गाकडं फिरकली नव्हती, त्यांनीही तीन लिहिलं होतं. जाणीव निर्माण व्हायला वर्गात यावंच लागतं असं कुठं आहे?

एकशेवीसपैकी सत्तर मुलांना पन्नासच्या वर गुण होते. म्हणजे अठ्ठावन्न टक्के. म्हणजे पातळी एक. गुणाकार-बेरीज करून उत्तर आलं १.३८. प्राचार्यांनी चष्मा काढला. "सर, एक पूर्णांक अडतीस? ही काय कॉलेजची निष्पत्ती म्हणायची की ताप उतरल्यावरचा अशक्तपणा?" मी खाली बघितलं. मॅडमनी खाली बघितलं. भाऊसाहेब मात्र वर बघत होते. जन्मभर बजेट जुळवलेला माणूस. ते म्हणाले, "लक्ष्य चाळीस टक्क्यांवर आणलं तर?"

आणलं. चाळीसच्या वर एकशेनऊ मुलं होती. एक्याण्णव टक्के. पातळी तीन. पुन्हा गुणाकार, पुन्हा बेरीज: २.९८. पेपर तेच, मुलं तीच. ती बिचारी आपापल्या घरी पंख्याखाली झोपली होती आणि इकडं केबिनमध्ये दुपारी साडेतीन ते पावणेचार या पंधरा मिनिटांत त्यांचं पर्यावरणाचं ज्ञान दुपटीहून वाढलं. प्राचार्यांनी चहा सांगितला. मला रात्री झोप येईना ती मात्र त्या राहिलेल्या ०.०२ मुळं. एवढंसं अज्ञान नेमकं कुणाच्या डोक्यात शिल्लक राहिलं असेल?

माझी तक्रार आकड्यांशी नाही. आकडे गरीब असतात, सांगाल तिथं बसतात. तक्रार ही, की आम्ही मुलाला वजनकाट्यावर एकदाच उभं केलं आणि त्याचं वजन वाढल्याचं जाहीर केलं. तान्ह्या बाळाला डॉक्टरकडं नेलं तर तेसुद्धा आधी मागच्या महिन्याचं वजन विचारतात. जूनमध्ये मुलाला किती येत होतं हे न बघता एप्रिलच्या गुणांना 'निष्पत्ती' म्हणायचं, तर मग माझ्या वर्गात येण्याआधीच ज्याला सगळं येत होतं, त्याचं श्रेयही माझंच! आणि दुसरं असं, की पुढच्या वर्षी मी पेपर काढायला बसलो तेव्हा माझा हात आपोआप व्याख्यांकडं वळला. 'परिसंस्था म्हणजे काय?' 'जैवविविधतेची व्याख्या लिहा.' मला कुणी सांगितलं नव्हतं. पण व्याख्येनं निष्पत्ती वाढते हे मला कळून चुकलं होतं. आधी निष्पत्ती शिकवण्याच्या मागं चालत होती, आता ती पुढं झाली आणि मी तिच्या पदराला धरून मागं.

हेच काम अमेरिकेत दोघा समाजशास्त्रज्ञांनी नीट करून बघितलं होतं. रिचर्ड अरम आणि जोसिपा रोक्सा. त्यांचं 'अकॅडेमिकली अड्रिफ्ट' हे पुस्तक २०११ साली निघालं. त्यांनी चोवीस संस्थांमधली तेवीसशेहून जास्त मुलं घेतली, कॉलेजात शिरताना त्यांची परीक्षा घेतली आणि दुसरं वर्ष संपताना पुन्हा घेतली. परीक्षेत व्याख्या नव्हत्या. मुलापुढं कागदांचा एक गठ्ठा टाकायचा. उदाहरणार्थ, कंपनीनं एक छोटं विमान घ्यायचं ठरवलंय, तेवढ्यात त्याच जातीच्या विमानाला अपघात झालाय. ही वर्तमानपत्राची कात्रणं, हा अपघातांचा तक्ता, ही पत्रं. आता विमान घ्यावं की नाही, साहेबाला टिपण लिहून दे. त्यात पंचेचाळीस टक्के मुलांमध्ये दोन वर्षांत म्हणण्यासारखा काहीच फरक दिसला नाही. मोठा गदारोळ झाला. परीक्षेवर आक्षेपही पुष्कळ आले: गुण पदरात पडणार नसतील तर मुलं मन लावून लिहितील कशाला, वगैरे. असतील आक्षेप खरे. पण 'पंचेचाळीस टक्क्यांना काही आलं नाही' असं छापून आणायची त्यांची छाती बघा, आणि आमचं पावणेचारचं २.९८ बघा.

त्या गठ्ठ्याबद्दल मी वाचलं ते फार उशिरा. आधी वाचलं असतं तर एका मुलाच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं ते कदाचित टळलं असतं.

चाळीसच्या खाली राहिलेली अकरा मुलं होती, त्यातला हा एक. शेवटच्या बाकावरचा. साखर कारखान्याच्या खालच्या अंगाला यांची वाडी (कारखान्याचं नाव घेत नाही, आमच्याकडं लग्नपत्रिकेत ते आधी छापतात). यानं झेरॉक्सच्या दुकानातून प्रकल्प घेतला नव्हता. साठ रुपये नसतील, हा माझा पहिला अंदाज. यानं शाळकरी दोनशे पानी वही दिली. वर कुण्या सिनेनटाचा फोटो. आत ना प्रमाणपत्र, ना ऋणनिर्देश. पहिल्याच पानावर पेन्सिलीनं रकाने आखलेले: तारीख, पाण्याचा रंग, वास, गुरं प्याली का. दिवाळीच्या आदल्या रविवारपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत सतरा रविवार तो वाडीच्या ओढ्यावर गेला होता. '४ नोव्हेंबर. पाणी नितळ. तळ दिसतो. सगळी प्याली.' मग गळीत हंगाम सुरू झाला. '१६ डिसेंबर. दुधाच्या चहासारखं. मळीचा वास. बैल प्याला. म्हशीनं तोंड लावून काढून घेतलं.' '६ जानेवारी. कोऱ्या चहासारखं. कोणी प्यालं नाही. आईनं वरच्या विहिरीवरनं पाणी आणलं, दोन खेपा जास्त.' असं चौतीस पानं. आणि शेवटी निष्कर्ष या मथळ्याखाली दोनच शब्द: 'गुरांना कळतं.'

हे क्रियापद बाद झाल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्यासमोर गुणदानाचा तक्ता होता. मुखपृष्ठ व प्रमाणपत्र ५, उद्दिष्टे ५, माहिती संकलन ५, छायाचित्रे ५, निष्कर्ष व संदर्भग्रंथ ५. मी प्रामाणिकपणे गुण दिले. माहितीचे पाच, निष्कर्षाचे दोन. संदर्भग्रंथ नव्हते म्हणून तीन कापले. म्हैस हा काही संदर्भग्रंथ नव्हे. बेरीज सात. मुळा-मुठेला बावीस आणि या ओढ्याला सात. लेखी पेपरात 'परिसंस्था म्हणजे काय' ही जागा त्यानं कोरी सोडली होती. तिथं एकवीस. एकूण अठ्ठावीस. नापास. म्हणजे एक्याण्णव टक्के मुलांना झालेली जाणीव ज्या नऊ टक्क्यांना झाली नाही, त्यांत हा. गुण देताना मला काही वाटलं नाही, हे सांगायची लाज वाटते. तेव्हा डोक्यात बेरीज होती.

निष्पत्तीचा हिशेब संपला की 'कार्यवाही अहवाल' लिहावा लागतो. जी मुलं मागं राहिली त्यांच्यासाठी काय केलं? उपचारात्मक अध्यापन. त्या अकरांना जुलैमध्ये जादा तास लावला. आले तिघं. मी फळ्यावर परिसंस्थेची व्याख्या लिहिली, त्यांनी उतरवून घेतली. (पुढच्या परीक्षेत या पठ्ठ्यानं ती बिनचूक लिहिली आणि त्रेचाळीस गुण मिळवून सुटला. तो आता निष्पत्तीत आहे.) तास संपल्यावर इतर दोघं गेले, हा टेबलाशी घुटमळला.

"सर, माझी वही माघारी मिळंल का?"

"कशाला रे?"

"आण्णांना ग्रामपंचायतीत दाखवायचीय. पुढच्या सोमवारी प्रदूषणवालं सायेब येणारेत वाडीवर. ते म्हनत्यात तोंडी तक्रार नको, कागुद दाखवा. माझ्या वहीत सगळ्या तारखा हायत."

मी ऑफिसकडं निघालो आणि अर्ध्या वाटेत पाय जड झाले. ती वही मिळण्यासारखी नव्हती. प्रत्येक विषयाच्या फाईलला नमुने लावायचे असतात: उत्तम तीन, मध्यम तीन, कमकुवत तीन. कमकुवत नमुन्यांत मीच ती वही दिली होती. तिला पंचिंग मशीननं भोकं पाडून, दोरा ओवून, मागच्या बाजूला 'नमुना क्र. ९' असा कागद चिकटवला होता आणि ती मॅडमच्या स्टीलच्या कपाटात कुलपात होती. मॅडम हळहळल्या. पण समितीची भेट पंधरा दिवसांवर. "सर, कमकुवत नमुने दोनच भरले तर काय उत्तर देऊ?" खरंच होतं. आमच्याकडं कमकुवत नमुन्यांचा तुटवडा आहे असं म्हटलं असतं तरी कुणाचा विश्वास बसला नसता.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा प्रॅक्टिकलचा तास असताना मी शिपायाकडून किल्ली घेतली, वही पिशवीत घातली आणि फाटकासमोरच्या दुकानात गेलो. सात वर्षांत पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून. दुकानदारानं मला ओळखलं, खुर्ची दिली, वही चाळली. सिनेनटाचा फोटो बघितला, रकाने बघितले, मध्येच एक पान वाचलंही. मग धंद्यातल्या जाणकाराच्या आवाजात म्हणाला, "सर, ह्यो आपल्याकडं न्हाई. पण ह्याला गिऱ्हाईक न्हाई लागायचं. फोटो न्हाईत." चौतीस पानांचे चौतीस रुपये झाले. मूळ वही मी त्या मुलाच्या हातात दिली. भोकं पडल्याबद्दल काही बोललो नाही, त्यानंही विचारलं नाही. त्यानं ती शर्टाच्या आत घातली आणि एस.टी. गाठायला पळाला. झेरॉक्स मी दोऱ्यात ओवली, मागं 'नमुना क्र. ९' चिकटवला आणि फाईल जागच्या जागी ठेवली.

समिती यायच्या आदल्या संध्याकाळी मॅडम प्रत्येक फाईल शेवटची डोळ्यांखालून घालत होत्या. मी शेजारी सुपारी कातरत बसलो होतो. पर्यावरणाची फाईल आली. उत्तम नमुने बघितले, मध्यम बघितले. नवव्या नमुन्याशी त्या थांबल्या. पान बोटांनी चाचपलं, उजेडाकडं धरलं. माझी सुपारी तोंडातच राहिली.

"सर," चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणाल्या, "एकशेवीस मुलांत हा एकच कॉपी केलेला दिसतोय बघा."